राऊटर नवा आला म्हणून पंपाचा स्विच भंगारात घालू नका

पत्र

नमस्कार. आम्ही आंजर्ल्याला राहतो. जुनं चिऱ्याचं कौलारू घर, मागे आगर. तीन खोल्या पर्यटकांना देतो, जेवणखाण मी बघते. २०१९ मध्ये फाटकावर एक आणि मागच्या गडग्यावर एक असे दोन वाय-फायचे कॅमेरे बसवले. खोल्यांतल्या गीझरना स्मार्ट प्लग लावले, कारण पाहुणे गीझर चालू ठेवून समुद्रावर जातात. ‘निसर्ग’ वादळात आगर आडवं झालं. पुन्हा माड-पोफळी लावल्या तेव्हा बावीवरच्या पंपालाही मोबाईलवरून चालणारा स्विच घेतला. यजमानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे, त्यांना पाखाडी उतरवत नाही. मी चुलीपुढे अडकलेली. आमचं सगळं शिंपणं त्या स्विचवर चालतं.

शिमग्याला पुतण्या मुंबईहून आला तो वाय-फाय ७ चा राऊटर घेऊन. जुना काढून कपाटावर ठेवला, नवा लावला, हौसेनं त्याला मराठीत ‘सागरतीर’ असं नाव दिलं आणि पालखी झाल्यावर परत गेला. मोबाईलवर नेट छान चालतं. पण कॅमेरे, प्लग, पंप सगळं बंद. प्लगचा दिवा नुसता लुकलुकतो. नेटवाला म्हणतो, हे जुनं सामान आता चालणार नाही, भंगारात घाला. नवीन सगळं पंचवीस-तीस हजारांत बसवून देतो. मे महिन्याचा हंगाम तोंडावर आला. पुतण्याला सांगावं तर त्याला वाईट वाटेल. जुन्या राऊटरचं नाव आणि पासवर्ड मला पाठ आहे, जेवणघरात पाहुण्यांसाठी लिहून लावलाय तोच. त्याचा काही उपयोग होईल का?

– एक वाचक भगिनी, आंजर्ले

उत्तर

ताई,

भंगारात काहीही घालू नका. शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलात, पण खरं उत्तर त्यातच आहे. त्या नावाचा आणि पासवर्डाचा उपयोग होईल, आणि आज संध्याकाळीच होईल.

बावीवरचा स्विच राऊटरला ओळखत नाही. राऊटर कोणत्या कंपनीचा, नवा की जुना, हे त्याला ठाऊकच नसतं. बसवताना त्यानं दोनच गोष्टी लक्षात ठेवल्या: नेटवर्कचं नाव आणि त्याचा पासवर्ड. लाईट आली की तो त्या नावाची हाक कुठून येते का, ते ऐकत बसतो. शिमग्यापासून ती हाक बंद झाली. तुमच्या प्लगचा दिवा लुकलुकतो तो त्यासाठीच. प्लग चांगला आहे आणि आपलं माणूस शोधतो आहे.

तेव्हा नव्या राऊटरला ‘सागरतीर’च्या जोडीनं आणखी एका नावानं हाक मारायला लावायची. नाव जुनं, पासवर्डही जुनाच, मोठी-लहान अक्षरं आणि मधली मोकळी जागा यांच्यासकट जसाच्या तसा. राऊटरच्या अॅपमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ (पाहुण्यांसाठीचं) किंवा ‘आयओटी नेटवर्क’ (घरातल्या स्मार्ट उपकरणांसाठीचं) असा पर्याय सापडेल. तिथे हे नाव घालायचं, लहरींचा पट्टा फक्त २.४ गिगाहर्ट्झ निवडायचा, ५ चा बंद ठेवायचा, आणि सुरक्षेच्या यादीतून ‘डब्ल्यूपीए२’ (पासवर्ड तपासण्याची जुनी पद्धत) घ्यायचं. ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा जोडपर्याय दिसेल, तो घेऊ नका, नुसतं ‘डब्ल्यूपीए२’. मग पंपाच्या स्विचची लाईट एकदा बंद करून पुन्हा चालू करायची आणि दहा मिनिटं थांबायचं. कॅमेऱ्यासाठी शिडी लावायला नको, प्लग भिंतीतून उपसायला नकोत. बहुतेक सगळे आपणहून परत येतील.

आणि हे काम पुतण्याकडूनच करून घ्या. राऊटरचं अॅप त्याच्याच मोबाईलवर असणार, आणि बऱ्याच नव्या राऊटरच्या सेटिंग त्या अॅपमधून मुंबईत बसूनही बदलता येतात. ‘तुझ्या राऊटरनं घोळ केला’ असं सांगायची गरज नाही. ‘पंपासाठी आणखी एक नाव चालू करून दे’ एवढंच म्हणा. एवढ्या लांबून हौसेनं आणलेली वस्तू आहे. ती पुरती उपयोगाला आली तर त्याला आनंदच होईल.

आता असं का झालं ते सांगतो. कारण कळलं की पुढच्या वेळी कोणी पंचवीस हजारांचा आकडा सांगितला तरी तुम्ही घाबरणार नाही.

माझं घर दाभोळच्या खाडीपलीकडे, गुहागर बाजूला. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे राऊटर बदलला तेव्हा हे कोणी सांगितलं नव्हतं. तीन संध्याकाळी मी प्लग रीसेट करत बसलो आणि त्यातले दोन ‘गेले’ समजून टाकून दिले. ते गेलेले नव्हते. कारण कळलं तेव्हा फार चुटपुट लागली. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी उत्तर लिहायला घेतलं ते म्हणूनच.

वाय-फायच्या पिढ्या असतात. २००९ मध्ये जी आली तिला आता वाय-फाय ४ म्हणतात. हे आकड्यांचं बारसं २०१८ मध्ये झालं, त्याआधी ८०२.११ आणि पुढे इंग्रजी अक्षरं अशी नावं होती, ती फक्त जाणकारांनाच कळायची. २०१३ ची पाचवी पिढी ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरच चालते, २.४ वर ती आलीच नाही. त्यामुळे स्वस्त प्लग, बल्ब, स्विच बनवणारे चौथ्या पिढीवरच राहिले. २०१४ च्या सुमारास शांघायच्या एका कंपनीची ईएसपी८२६६ नावाची चिप बाजारात आली. नखाएवढी आणि अतिशय स्वस्त. तिच्यामुळे साध्या प्लगलाही वाय-फाय मिळालं. अशा चिपला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. त्यात कमीपणा काही नाही. ‘चालू हो’, ‘बंद हो’ एवढा निरोप ऐकायला वाय-फाय ७ चा वेग कशाला लागतो?

सहावी पिढी २०१९ मध्ये आली आणि २.४ वर परतली. सातव्या पिढीच्या उपकरणांना प्रमाणपत्रं द्यायला जानेवारी २०२४ मध्ये सुरुवात झाली. पण नव्या पिढीनं जुनी बोली टाकलेली नाही. तुमचा राऊटर आजही चौथ्या पिढीशी तिच्या भाषेत बोलू शकतो. अडतं ते दुसरीकडे.

पहिली अडचण कुलपाची. डब्ल्यूपीए२ हे कुलूप २००४ चं, डब्ल्यूपीए३ हे २०१८ चं. जुलै २०२० पासून वाय-फायचं प्रमाणपत्र हवं असेल तर नव्या उपकरणाला डब्ल्यूपीए३ यावंच लागतं, आणि वाय-फाय ७ ची खास करामत, म्हणजे एकाच वेळी दोन पट्ट्यांवरून बोलणं, ती तर त्याच्याशिवाय चालतच नाही. त्यामुळे नवा राऊटर पेटीतून बाहेर येतो तोच नवं कुलूप घालून, किंवा दोन्ही कुलपं एकत्र अडकवून. तुमच्या २०१९ च्या प्लगकडे नव्या कुलपाची किल्ली नाही. दोन्ही कुलपं असली तर जुनं उपकरण जुनं पाहून आत यायला हवं, पण काही जुन्या चिप गोंधळतात आणि दारातूनच परत फिरतात. तो जोडपर्याय टाळा म्हणालो ते म्हणूनच.

दुसरी अडचण एका नावाची. नवे राऊटर २.४ आणि ५ दोन्हींना एकच नाव देतात आणि कोणाला कुठे बसवायचं ते स्वतः ठरवतात. मोबाईलला हे सोयीचं. पण नवा प्लग जोडताना मोबाईल ५ वर असतो, प्लगला फक्त २.४ ऐकू येतं, आणि अॅप ‘उपकरण सापडलं नाही’ म्हणत बसतं. उपकरणांना वेगळं नाव दिलं की हा प्रश्न राहत नाही. वेगळं नाव देता येत नसेल तर मोबाईल घेऊन आगराच्या पार टोकाला जा. तिथे ५ ची हाक पोचत नाही आणि मोबाईल मुकाट्यानं २.४ वर येतो. मी असं करून एक बल्ब जोडला आहे. जोडताना मोबाईल डेटा बंद ठेवा, नाहीतर मोबाईल मध्येच वाय-फाय सोडून देतो.

तिसरी अडचण आहे ते सुंदर मराठी नाव. मला ‘सागरतीर’ फार आवडलं, ते मोबाईलसाठी जरूर राहू द्या. पण वाय-फायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे. बाइट म्हणजे संगणकातलं जागेचं लहानसं माप. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरते, देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला, काना-मात्रा-वेलांटी वेगळी धरून, तीन लागतात. ‘सागरतीर’ला २१ लागल्या म्हणून ते बसलं. ‘समुद्रकिनारा’ ठेवायला गेला असता तर ३६ झाल्या असत्या आणि राऊटरनं नकार दिला असता. बऱ्याच जुन्या उपकरणांच्या अॅपना तर देवनागरी वाचताच येत नाही. उपकरणांचं नाव साध्या इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत असावं, पासवर्डातही चित्रविचित्र चिन्हं नसावीत.

एवढं करूनही एखादं उपकरण आलं नाही तर राऊटरमध्ये २.४ चा चॅनल (त्या पट्ट्यातली वाट) ‘ऑटो’वरून काढून १, ६ किंवा ११ वर ठेवा. आपल्याकडे १३ पर्यंत चॅनल चालतात, पण अमेरिकेच्या हिशेबानं बनवलेल्या काही उपकरणांना ११ च्या पुढचं ऐकूच येत नाही. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा.

आता तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला सतावते आहे, आणि ती पंपाहून मोठी आहे. जुना पासवर्ड जेवणघराच्या भिंतीवर लावलेला आहे आणि त्याच नेटवर्कवर कॅमेरेही होते. म्हणजे २०१९ पासून तुमच्याकडे जेवून गेलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या मोबाईलमध्ये तुमच्या कॅमेऱ्यांच्या नेटवर्काची किल्ली आहे. आंजर्ल्याला येणारी माणसं भली असतात, मला ठाऊक आहे. तरी घराची किल्ली आपण भिंतीवर टांगून ठेवत नाही.

म्हणून आज संध्याकाळचा उपाय हा तात्पुरता धरा. रोपांना आज पाणी मिळालं पाहिजे, तेवढ्यापुरता. मग मे महिन्याच्या गर्दीआधी, एकेका दुपारी एक-एक उपकरण असं करत, सगळं नव्या पासवर्डावर न्यायचं. सुरुवात कॅमेऱ्यांपासून करा, मग पंप, शेवटी गीझर. शेवटी राऊटरवर तीन नावं असतील: घरच्यांच्या मोबाईलसाठी ‘सागरतीर’, उपकरणांसाठी एक, आणि पाहुण्यांसाठी तिसरं. भिंतीवर फक्त तिसऱ्याचा पासवर्ड लावायचा आणि तो प्रत्येक हंगामात बदलायचा. राऊटर तीन नावं देत नसेल तर कपाटावरचा जुना राऊटर उतरवा, त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

उपकरणांचा पासवर्ड मोबाईल नंबर ठेवू नका. आपल्या भागात घरगुती राहण्याची सोय असलेल्या कितीतरी ठिकाणी मी हेच पाहतो. डब्ल्यूपीए२ मध्ये एक उणीव आहे. एखादं उपकरण राऊटरशी जोडलं जाताना जी ओळखपाळख होते, ती कोणी नोंदवून घेतली तर घरी नेऊन सवडीनं एकेक पासवर्ड लावून बघता येतो. दहा आकड्यांचा नंबर संगणकापुढे फार काळ टिकत नाही. नवं कुलूप ही वाट बंद करतं. जुन्याच कुलपावर राहायचं असेल तर पासवर्ड लांब हवा. चार-पाच असंबद्ध शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहिले तरी चालेल: फणस, रहाट, पणती, होडी, कोयता असे काहीतरी तुमचे तुम्ही निवडा, माझे घेऊ नका.

‘गेस्ट नेटवर्क’ वापरताना एक गोष्ट होऊ शकते. त्यातली उपकरणं घरच्या मोबाईलला थेट दिसत नाहीत. पंप आणि प्लग यांचा निरोप कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून येतो, त्यांचं काही अडत नाही. कॅमेऱ्याचं चित्रीकरण घरातल्या पेटीवर साठत असेल तर मात्र अडेल. मग पेटीही त्याच नेटवर्कवर घ्या.

घराच्या भिंतींबद्दल नेटवाल्यानं चकार शब्द काढला नाही याचं मला आश्चर्य वाटतं. २.४ ची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची, ५ ची सहाच्या आसपास, आणि नव्या राऊटरमध्ये ६ गिगाहर्ट्झचा तिसरा पट्टा असतो, त्याची पाच. लहर जितकी आखूड तितकी ती भिंतीत लवकर थकते. त्यात आपला जांभा दगड सच्छिद्र, पावसाळाभर पाणी पिऊन बसणारा, आणि पाण्याला ही लहर शोषायची सवय. माडा-पोफळीची ओली पानं तेच करतात. नव्या राऊटरचा सगळा जोर वरच्या पट्ट्यांवर असतो आणि तो जोर तुमच्या माजघरातच संपतो. आगरात पोचेल ते जुनं, संथ २.४ च. केंद्र सरकारनं मे २०२५ मध्ये ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे या ६ च्या पट्ट्यासाठी मसुदा नियम काढले. त्यात घराच्या आत कमी ताकदीनं आणि बाहेर अगदीच कमी ताकदीनं परवानगी द्यायची होती. बावीपर्यंत पोचायला तो पट्टा कधीच उपयोगाचा नाही.

इथे जुना राऊटर कामाला येतो. तो नेट कंपनीचा असेल तर आधी विचारा, परत द्यावा लागतो. तुमचा असेल तर नव्या राऊटरपासून एक लॅन केबल घरातून मागच्या पडवीत न्या आणि जुना तिथे बसवा. त्याला ‘अॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाकायचं, ५ चा पट्टा असेल तर बंद करायचा, आणि २.४ वर उपकरणांचं नाव चालू करायचं. तो मोड नसेल तर पुतण्याला सांगा: जुन्यातलं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद कर आणि केबल त्याच्या लॅन पोर्टला लाव. ‘आयओटी नेटवर्क’ची सोय नव्या राऊटरमध्ये नसली तरी हा मार्ग चालतो, आणि बावीच्या दिशेला एक भिंतही कमी होते. पडवीत खारा वारा लागतो, म्हणून राऊटर आडोशाला, जमिनीपासून उंच ठेवा. केबल आगरातून उघड्यावरून नेऊ नका. वळवाच्या पावसात वीज जवळपास पडली तर अशा केबलमधून दोन्ही राऊटर जातात. गडगडायला लागलं की दोन्हींची पिन काढायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

नेटवाल्याच्या पंचवीस-तीस हजारांबद्दल. तो फसवतो आहे असं मी म्हणत नाही. त्यालाही कोणी हे नीट सांगितलं नसेल. पण दुकानात जाऊन नव्या स्मार्ट प्लगच्या खोक्यावरचं बारीक अक्षर वाचा. बहुतेकांवर आजही ‘फक्त २.४ गिगाहर्ट्झ’ असंच छापलेलं दिसेल. तुम्ही जुनं टाकून नवं आणलंत तर ते नवंही पुष्कळदा त्याच दाराशी अडेल. पैसे जातील आणि दिवा तसाच लुकलुकेल.

पुढे कधी खरोखरच काही मोडलं आणि नवं घ्यावं लागलं तर खोक्यावर ‘मॅटर’ ही खूण आहे का बघा. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेलं हे मानक आहे. त्यात उपकरण घरातल्या घरात बोलू शकतं, कंपनीच्या सर्व्हरवर त्याचा जीव टांगलेला नसतो. हे फार महत्त्वाचं आहे, कारण उपकरणं खऱ्या अर्थानं मरतात ती राऊटर बदलल्यानं नव्हे, कंपनीनं हात वर केल्यानं. अमेरिकेत एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन नावाच्या कंपनीचे सर्व्हर न सांगता बंद पडले आणि लोकांच्या घरातली उपकरणं एका दिवसात मोबाईलचं ऐकेनाशी झाली. पुढे ग्राहकांच्याच एका गटानं कंपनी विकत घेऊन सर्व्हर चालू केले, पण असं दर वेळी होत नाही.

याच कसोटीवर तुमचे दोन्ही कॅमेरे तपासा. माझ्या मते टाकून द्यायची वेळ आली असलीच तर ती त्यांच्यावर येऊ शकते. अॅप उघडून बघा: शेवटचं अपडेट कधी आलं? कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड कधी बदलला होता का? कंपनी अॅप चालवते आहे का? अपडेट बंद असतील तर फाटकावरचा कॅमेरा या हंगामापुरता चालवा आणि पावसाळ्यानंतर बदला. गडग्यावरचा कॅमेरा जर माकडांवर लक्ष ठेवायलाच असेल तर त्याची मला फारशी काळजी नाही. मात्र दोन्हींपैकी कुठल्याच कॅमेऱ्यात पाहुण्यांच्या खोल्यांची दारं, खिडक्या किंवा न्हाणीघराची वाट येत नाही ना, हे आजच बघून घ्या.

आता पंप. तुमच्या पत्रातली यजमानांच्या गुडघ्याची ओळ मी दोनदा वाचली. वाय-फाय नीट झालं तरी त्या स्विचवर एवढा भार टाकू नये असं मला मनापासून वाटतं. तुम्ही निसर्ग वादळ पाहिलं आहे. ३ जून २०२० नंतर दापोली-मंडणगडकडच्या गावांत किती दिवस लाईट नव्हती, हे मी तुम्हाला सांगायला नको. लाईट असली आणि फायबर तुटली तरी मोबाईलचा निरोप बावीपर्यंत जात नाही. भर उन्हाळ्यात चार-पाच दिवस पाणी चुकलं तर कोवळ्या पोफळी माना टाकतात.

तुमच्या वायरमनला दोन कामं सांगा. एक, स्मार्ट स्विचनं पंप थेट चालवू नये, मध्ये कॉन्टॅक्टर (मोठा करंट झेलणारा दणकट स्विच) असावा. पंप सुरू होताना तो चालतानाच्या कित्येक पट करंट घेतो आणि त्या झटक्यानं लहान स्विचच्या आतले संपर्क चिकटतात. तसे चिकटले तर ‘बंद’ दाबूनही पंप बंद होत नाही, आणि बाव आटलेली असली तर पंप जळतो. कोरडा चालला की आपोआप थांबवणारं यंत्र मिळतं, तेही बसवून घ्या. दुसरं काम, स्टार्टरपासून पडवीपर्यंत पाईपात घालून एक वायर आणायची आणि पडवीच्या खांबाला चालू-बंदची दोन बटणं बसवायची, हिरवं आणि लाल. वाय-फायच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडच्या बागायतदारांनी हेच केलं आहे. राऊटर कुठलाही येवो, कंपनी राहो न राहो, यजमान खुर्चीवर बसल्या जागी शिंपणं सुरू करू शकतील. याचा खर्च नेटवाल्याच्या आकड्याच्या जवळपासही जाणार नाही. तिथे पैसे घाला.

गीझरच्या प्लगवर १६ अँपिअर लिहिलं आहे ना, तेवढं बघा. पाच-सहा वर्षं खाऱ्या हवेत राहिलेल्या प्लगची पिन काळी पडली असेल किंवा तो हाताला गरम लागत असेल तर तो मात्र काढून टाका. त्या प्लगबद्दल मी हळहळणार नाही.

पुतण्यानं आणलेला राऊटर वाया गेलेला नाही. मे महिन्यात तिन्ही खोल्या भरल्या की एका वेळी दहा-पंधरा मोबाईल चालू असतात. त्या गर्दीत सगळ्यांना थोडं-थोडं वाढणं हे नव्या पिढीला जुन्या पिढीपेक्षा कितीतरी चांगलं जमतं. पाहुणे ओटीवर बसून मुलांशी व्हिडिओवर बोलतील तेव्हा तुम्हाला फरक दिसेल.

आज रात्री पंप सुरू झाला तर दोन ओळी कळवा. नाही झाला तर राऊटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदाचा फोटो पाठवा, मॉडेल पाहून नेमकी सेटिंग कुठे आहे ते सांगतो. त्या कागदावर मूळ पासवर्ड छापलेला असतो. फोटो काढताना त्यावर बोट ठेवा.